पट्ट्या कीबोर्डच्या, आवाज लॅपटॉपचा

आमच्या भागात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या वाट्याला एका रात्रीत काय काय येतं, ते आधी बघू. गणेशोत्सवातला कार्यक्रम असेल तर सुरुवात अभंगाने, मग एखादं भावगीत, मग हिंदी, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कन्नड गाण्याची फर्माईश, आणि कार्यक्रम रंगात आला की लावणी. म्हणजे पेटी, बासरी, सनई, व्हायोलिनचा ताफा, पियानो, अकॉर्डियन, ब्रास, हे सगळं एकाच माणसाच्या दहा बोटांत. निपाणी-चिकोडीकडे यात्रेत वाजवा नाहीतर बेळगावात लोकमान्य रंगमंदिरात, मागणी हीच. कीबोर्डात कंपनीने भरून दिलेले आवाज काही चांगले असतात, काही कामचलाऊ, आणि सनई तर बहुतेकांत ऐकवत नाही.

म्हणून हल्ली बरीच तरुण मुलं लॅपटॉपकडे वळली आहेत. कीबोर्ड लॅपटॉपला जोडायचा, आवाज सॉफ्टवेअरमधून काढायचा. घरी हेडफोन लावून ऐकलं की जीव हरखून जातो. स्टेजवर गेलं की मात्र आवाज उशिरा येतो, मधेच कडकडतो, एखादा सूर अडकून बसतो. मग लॅपटॉप कपाटात जातो आणि मुलगा पुन्हा जुन्या कीबोर्डावर. मला याचं वाईट वाटतं, कारण यातली जवळजवळ प्रत्येक अडचण टाळता येते. त्यासाठी महाग मशीन लागतंच असं नाही. बोट पट्टीवर पडल्यापासून आवाज स्पीकरमधून बाहेर येईपर्यंत कुठलं काम कुठे होतं, एवढं नीट कळायला हवं.

केबलमधून काय जातं

कीबोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला की त्या केबलमधून आवाज जात नाही. जातात ते आकडे: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. नोटेशनच्या वहीत सूर लिहिलेले असतात, पण वहीतून आवाज येत नाही. ती समोर ठेवून कोणी पेटी वाजवतं, कोणी बासरी. इथे वही वाचणारा लॅपटॉप आहे. या आकड्यांच्या भाषेला मिडी म्हणतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१. पट्टी किती जोरात पडली याचा आकडा १ ते १२७ असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात.

ही भाषा जुनी आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसऱ्यातून आवाज. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. यामागच्या सिक्वेन्शियलच्या डेव्ह स्मिथ आणि रोलँडच्या इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आपल्यासाठी यातलं महत्त्वाचं हे, की ती भाषा मुळातून आजही तीच आहे. मामाने वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या कीबोर्डच्या पाठीला पाच पिनांचं गोल सॉकेट असेल, तर एका साध्या मिडी-यूएसबी केबलने तो आजच्या लॅपटॉपला जोडता येतो.

तेव्हा नवा कीबोर्ड घ्यायला धावू नका. घरातल्या यामाहा किंवा कॅसिओला यूएसबीचं चौकोनी तोंड आहे का, ते बघा. असेल तर सुरुवातीला तेवढं पुरतं. दोन गोष्टी मात्र तपासा. एक, पट्ट्यांना टच आहे का. नसेल तर हळू दाबा की जोरात, एकच आकडा जाणार आणि चांगल्यात चांगला पियानोही एकसुरी वाजणार. दुसरी, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लोकल कंट्रोल बंद करता येतो का. तो चालू राहिला तर कीबोर्डचा स्वतःचा आवाजही येत राहतो आणि लॅपटॉपचाही, दोन्ही एकावर एक. लोकल कंट्रोल सापडलाच नाही तर कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. बहुतेक कीबोर्डांत त्याने मिडीला काही फरक पडत नाही.

आवाज बनतो कुठे

लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि नवख्याचा गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे वाद्य, त्याला प्लगइन म्हणतात. दुसरा म्हणजे होस्ट, ज्यात ही वाद्यं मांडून ठेवायची. प्लगइनची व्हीएसटी ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणली; मॅकवर त्याच्या जोडीला ऑडिओ युनिट्स ही अ‍ॅपलची पद्धत असते.

वाद्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात खऱ्या वाद्याचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो आणि तुम्ही पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा वाजतो. कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरमधली वाद्यं या प्रकारची. एकेक पियानो कित्येक जीबींचा असू शकतो. तो सगळा रॅममध्ये मावत नाही, म्हणून प्रत्येक सुराचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला हा वेग झेपत नाही. एसएसडी हवीच, इथे तडजोड नको. दुसऱ्या प्रकारात रेकॉर्डिंग नसतंच. तार कशी कंप पावते, रीड कशी वाजते याचं गणित संगणक तिथल्या तिथे करतो. पियानोटेक हा पियानो असा आहे. तो डिस्कवर अगदी थोडी जागा घेतो, प्रोसेसरला मात्र राबवतो. जुना लॅपटॉप असेल आणि डिस्कवर जागा कमी असेल तर मी हा दुसरा प्रकार आधी आजमावून बघायला सांगेन.

फुकटात बरंच चांगलं मिळतं. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सिंथेसायझर, ऐंशीच्या दशकातल्या यामाहा डीएक्स-७ चा आवाज देणारा डेक्स्ड, ही नावं लिहून ठेवा. त्या काळातल्या हिंदी गाण्यांतला तो घंटीसारखा इलेक्ट्रिक पियानो डेक्स्डमध्ये हुबेहूब सापडतो. भारतीय वाद्यांच्या बाबतीत सावध राहा. जाहिरातीतला सतारीचा नमुना भारी वाटतो, पण त्यातल्या मींडा आधीच वाजवून ठेवलेल्या असतात. तुमच्या बोटांखाली त्या तशा येतील का, हे डेमो उतरवून स्वतः वाजवल्याशिवाय कळत नाही.

होस्टबद्दल थोडक्यात. मॅक असेल तर मेनस्टेज, विंडोज असेल तर कँटाबिले, दोन्हीकडे चालणारा गिग परफॉर्मर. फुकट हवा असेल तर कार्ला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर स्टेजवर वापरायचा मोह टाळा. ते गाणं बनवायला असतं, आणि दोन गाण्यांमध्ये अर्ध्या मिनिटात आवाज बदलायला ते सोयीचं नाही. फक्त बॅकिंग ट्रॅक सोबत वाजवायचे असतील तर एबलटन लाइव्ह बरा पडतो.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. क्रॅक केलेले प्लगइन स्टेजवर नेऊ नका. ज्याने ते बनवले त्याचं पोट त्यावर आहे, जसं आपलं वाजवण्यावर आहे. शिवाय ते कधी बंद पडतील याचा नेम नाही. विकत घेतलेल्यांचंही एक बघा: काही प्लगइन परवाना तपासायला इंटरनेट मागतात. आयलॉक या परवाना सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या क्लाउड प्रकारात तर नेट सतत लागतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जंगलातल्या गावात कार्यक्रम असेल तर रेंज मिळेलच असं नाही. परवाना मशीनवर किंवा डाँगलवर (यूएसबीत खोचायच्या छोट्या किल्लीवर) घ्या आणि घरी वायफाय बंद करून एकदा सगळं उघडून बघा.

उशीर नेमका कुठून येतो

आता मुख्य दुखणं. लॅपटॉप आवाज सलग बनवत नाही, तुकड्या-तुकड्यांत बनवतो. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे आकडे, लागतात. त्यातले समजा १२८ नमुने एका वेळी तयार करून पुढे ढकलायचे, मग पुढचे १२८. या तुकड्याला बफर म्हणतात. १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७, आणि १०२४ चा २१ च्या वर. बफर जितका मोठा तितका उशीर जास्त.

यात बाकीचं मिळवा. कीबोर्डला पट्टी ओळखायला थोडा वेळ, गोल पिनच्या मिडी केबलने एक सूर पोचायला जवळजवळ १ मिलिसेकंद, आकड्यांचं विजेत रूपांतर करायला थोडा. आणि एक गोष्ट जी कोणी मोजतच नाही: हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला ३ मिलिसेकंद. तुमचा मॉनिटर, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, ३ मीटरवर असेल तर ९ मिलिसेकंद तिथेच गेले. म्हणजे १२८ च्या बफरने केलेल्या सगळ्या बचतीवर पाणी. नवा लॅपटॉप घेण्याआधी मॉनिटर जवळ ओढा किंवा कानात वायरचा इअरफोन घाला. ब्लूटूथ मात्र कदापि नको. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, त्यावर ताल धरून वाजवणं अशक्य आहे.

किती उशीर चालतो? माझ्या हाताला सगळं मिळून १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काही जाणवत नाही, १५ च्या पुढे बोटं जड वाटायला लागतात. पण हे वाद्यावरही असतं. पियानो, संतूर, अकॉर्डियन यांचा सूर पट्टी पडताक्षणी उमटतो, तिथे उशीर लगेच टोचतो. व्हायोलिनच्या ताफ्याचा सूर मुळातच हळूहळू चढतो. म्हणून स्ट्रिंग्ज मागे पडतायत असं वाटलं की लगेच बफरला दोष देऊ नका; त्याच सेटिंगवर पियानो वाजवून बघा. पियानो वेळेवर येत असेल तर दोष ताफ्याच्या संथ चढण्याचा आहे. तिथे प्लगइनमधला अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) कमी करा किंवा किंचित आधी दाबायची सवय लावा.

विंडोजवर आणखी एक अडथळा आहे. विंडोजचा नेहमीचा आवाजाचा रस्ता सिनेमा बघायला आहे, वाजवायला नाही, त्यात बराच उशीर मिसळतो. त्याला बगल देणारा रस्ता म्हणजे एझिओ. चांगल्या ऑडिओ इंटरफेसबरोबर त्याचा एझिओ ड्रायव्हर येतो. इंटरफेस म्हणजे लॅपटॉपच्या बाहेरची छोटी पेटी, जी आकड्यांचा आवाज करून मिक्सरला देते. घरी सरावाला एझिओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर चालेल. स्टेजसाठी मी पहिला खर्च इंटरफेसवर करायला सांगतो, आवाजांवर नंतर. मॅकमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, त्याचा कोअर ऑडिओ मुळातच या कामाला योग्य आहे.

कडकड का होते

बफर लहान केला की उशीर कमी होतो, मग सगळ्यात लहानच का ठेवू नये? कारण १२८ च्या बफरमध्ये प्रोसेसरला दर २.७ मिलिसेकंदांनी एक तुकडा तयार करून द्यावा लागतो, सेकंदाला ३७५ वेळा. त्यातला एक जरी वेळेत पोचला नाही तर त्या जागी पोकळी राहते आणि तीच आपल्याला ‘टक्’ म्हणून ऐकू येते. प्रोसेसर सरासरी ३० टक्केच वापरला जातोय, मग कडकड कशी, असं लोक विचारतात. सरासरीला इथे किंमत नाही. एका क्षणी वायफायच्या ड्रायव्हरने किंवा अँटिव्हायरसने मध्ये वेळ खाल्ला की झालं.

म्हणून कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर वायफाय आणि ब्लूटूथ बंद, अपडेट थांबवलेले, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं साधन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं तर कुठला ड्रायव्हर आडवा येतोय ते नावानिशी दिसतं. शक्य असेल तर हा लॅपटॉप दुसऱ्या कामाला वापरूच नये. मी २५६ चा बफर ठेवतो. ६४ वर नेऊन जे ४ मिलिसेकंद वाचतात ते हवेतच जाणार आहेत, आणि त्यांच्यापायी हजार माणसांसमोर ‘टक्’ ऐकायची जोखीम घ्यायची नाही.

घरी ठीक आणि स्टेजवर कडकड, याचं एक खास कारण आपल्याकडे वारंवार दिसतं. वीज जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर जातो. लॅपटॉप बॅटरीवर गेला की बॅटरी वाचवायला प्रोसेसर आपला वेग कमी करतो. आवाज बंद पडत नाही, पण जड गाण्यात फाटायला लागतो. म्हणून तालमीत एकदा चार्जर काढून अख्खा कार्यक्रम वाजवून बघा. एप्रिल-मेच्या लग्नसराईत दुपारच्या वरातीसाठी वाजवत असाल तर उन्हाने तापलेला लॅपटॉपही असाच मंदावतो. त्याच्याखाली जाळीचा स्टँड हवा, मखमली कापड नको.

पेटीचा भाता, गायकाची पट्टी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परदेशी व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही.

बेळगावला पेटीचा कान आहे. पं. रामभाऊ विजापुरे यांनी याच गावात हयातभर पेटी वाजवली आणि शिकवली. त्यांच्या शिष्यांकडे शिकलेली माणसं आज समोरच्या खुर्च्यांत बसलेली असतात. त्यांना नकली पेटी लगेच कळते, आणि कळण्याचं कारण बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा नसतोच. पेटीची पट्टी जोरात आपटली म्हणून सूर मोठा होत नाही, तो भात्याने मोठा होतो. कीबोर्डवर मात्र प्लगइन व्हेलॉसिटीप्रमाणे एक सूर मोठा, एक लहान काढतो, आणि पेटी पियानोसारखी उड्या मारते. उपाय सोपा आहे. पेटीच्या प्लगइनमध्ये व्हेलॉसिटीचा परिणाम शून्य करा आणि आवाजाची पातळी एक्स्प्रेशन पेडलला द्या. मिडीत त्याचा क्रमांक ११. पेडल नसेल तर मॉड्युलेशनचं चाक, क्रमांक १. उजव्या हाताने सूर आणि पायाने भाता. आठ दिवस सराव केला की साधी फुकटातली पेटीही श्वास घेऊ लागते.

खरी पेटी आणि कीबोर्ड एकाच मंचावर असतील तर सूर जुळवणं आलं. कीबोर्डचा धैवत (पांढरी एक सा धरली तर) ४४० हर्ट्झला बांधलेला असतो. पेटी त्याहून थोडी चढी असू शकते. ४४२ ला असली तर फरक ८ सेंटचा, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा बारावा हिस्सा. ऐकायला एवढासा वाटतो, पण दोन्ही एकत्र वाजले की सूर थरथरतो. पेटीच्या रीड्स स्टेजवर कानशीने घासता येत नाहीत, तेव्हा कीबोर्डनेच पेटीकडे जायचं. इथे लक्षात ठेवा की बहुतेक वेळा प्रत्येक प्लगइनमध्ये ट्यूनिंग वेगवेगळं द्यावं लागतं. पियानोत दिलं आणि बासरीत राहिलं तर तिसऱ्या गाण्यात गायक तुमच्याकडे वळून बघेल. तानपुऱ्यासमोर लांब गंधार धरायचा असेल तर आणखी एक बारकावा: शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरा असतो. सर्ज एक्सटीसारख्या प्लगइनमध्ये तो तसा लावता येतो. पण सोबत गिटार कॉर्ड वाजवत असेल तर हा खटाटोप करू नका, तिथे सगळ्यांनी एकाच मापात असलेलं बरं.

आणि गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा. “आज घसा बसलाय, काळी दोनऐवजी काळी एक घे,” हे वाक्य विंगेत दर कार्यक्रमात ऐकू येतं. कीबोर्डवर ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम सरकवणारी सेटिंग, दोनने खाली घेतला की काम झालं, असं वाटतं. तुम्ही एकच आवाज वाजवत असाल तर खरंच झालं. पण समजा डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्या हाताला बासरी असं विभागलंय, आणि सगळ्यात वरच्या दोन पट्ट्यांवर शंख आणि घुंगरू लावून ठेवलेत. कीबोर्डने ट्रान्सपोज केला तर प्रत्येक पट्टीचा आकडाच दोनने बदलून लॅपटॉपकडे जातो. लॅपटॉपला तुमचं बोट दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. त्यामुळे बासरी-स्ट्रिंग्जची सीमा दोन पट्ट्या सरकते, आणि शंखाच्या पट्टीवर बोट ठेवलं की शंख वाजतच नाही. म्हणून कीबोर्डचा ट्रान्सपोज कायम शून्यावर ठेवा आणि तो होस्टमध्ये करा, तोही विभागणी झाल्यानंतर, फक्त सुराच्या वाद्यांना.

अडकलेल्या सुराचं कारणही पुष्कळदा हेच असतं. तुम्ही ६० दाबून धरलंय, तेवढ्यात ट्रान्सपोज बदलला. बोट उचललं तेव्हा ‘५८ सोडला’ असा निरोप गेला. ५८ तर वाजतच नव्हता; ६० सोडल्याचं लॅपटॉपला कोणी सांगितलंच नाही, तो बिचारा वाजतच राहतो. चांगले होस्ट हा हिशोब स्वतः ठेवतात, तरी पट्ट्या मोकळ्या आणि सस्टेन पेडल सोडलेलं असतानाच ट्रान्सपोज बदलायची सवय लावा. होस्टमध्ये पॅनिक नावाचं बटण असतं, ते सगळे सूर बंद करतं. ते कीबोर्डच्या एखाद्या रिकाम्या बटणाला जोडून ठेवा, माऊस शोधत बसू नका.

गाण्यांची मांडणी

होस्टमध्ये प्रत्येक गाण्याला एक पॅच (त्या गाण्याच्या आवाजांची मांडणी) करा, नाव मराठीतच द्या आणि नावातच पट्टी लिहा. पंचवीस गाण्यांसाठी तोच पियानो पंचवीस वेळा उघडू नका. रॅम भरून जाते. एकदाच उघडून सगळ्या गाण्यांना वाटता येतो, मेनस्टेजमध्ये कॉन्सर्टच्या पातळीवर, गिग परफॉर्मरमध्ये ग्लोबल रॅकस्पेसमध्ये. सगळे आवाज कार्यक्रमाआधीच चढलेले असावेत, मधे लोड होण्याची वाट बघायला लागू नये. पुढच्या पॅचवर जायला पायाचा स्विच उत्तम.

आवाजाच्या पातळ्या तालमीत जुळवा. पॅच बदलला की कीबोर्ड एकदम अंगावर येत असेल तर साउंडवाला वैतागून तुमचा फेडर खाली ओढतो, आणि मग बासरीच्या वेळी तुम्ही विंगेकडे “स्वल्प जास्ती माड्री” (थोडं वाढवा) म्हणत हात हलवत राहता. मांडवातली साउंड सिस्टिम बहुधा मोनो असते. मोठाले स्टिरिओ पियानो मोनोत पोकळ वाजतात. प्लगइनमध्ये मोनोची सोय असेल तर तीच वापरा आणि घरीही मोनोत ऐका.

वीज आणि हूं

लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हूं’ किंवा चिरका आवाज येतो, चार्जर काढला की थांबतो. हा दोष लॅपटॉपचा नाही. लॅपटॉप आणि मिक्सर दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेतात, आणि त्या दोघांमध्ये ५० हर्ट्झची वीज सिग्नलच्या केबलमधून फिरते. यावर मंडपात एक उपाय सर्रास केला जातो: चार्जरची अर्थिंगची पिन मोडायची किंवा तिला टेप लावायचा. कृपा करून हे करू नका. आपला गणेशोत्सव पावसात असतो, मांडवाखाली चिखल, ओल्या वायरी, लोखंडी खांब. ती पिन तुमचा जीव वाचवायला असते, गायकाच्या हातातही धातूचाच माइक असतो. त्याऐवजी इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (विजेची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे देणारी छोटी पेटी) लावा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ‘हूं’ जातो. पैसे अगदीच कमी असतील तरी ही वस्तू घ्या.

केबलबद्दल एवढंच, की यूएसबीची तोंडं स्टेजसाठी बनलेली नाहीत, कोणाचा पाय अडकला की निसटतात. केबलचा एक वेढा स्टँडला घालून बांधा, म्हणजे ओढ तोंडावर न येता स्टँडवर येईल. लॅपटॉप, इंटरफेस आणि कीबोर्डचा अडॅप्टर एकाच लहान यूपीएसवर ठेवले तर जनरेटर सुरू होईपर्यंतची वेळ निघून जाते.

आवाज गेला तर

तो कधीतरी जाणार, हे धरूनच जा. ज्या कीबोर्डने तुम्ही लॅपटॉप वाजवता त्याच्याच आवाजाची लाइन मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला आधीपासून लावून ठेवा. त्यात पियानो आणि स्ट्रिंग्ज असतात, तेवढ्यावर गाणं निभावतं. लोकल कंट्रोल परत चालू कसा करायचा, नाहीतर व्हॉल्यूम कुठे आणायचा, हे बोटांना पाठ हवं.

दोष शोधताना आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने जा. होस्टमध्ये मिडीचा दिवा लागतोय का? नसेल तर कीबोर्ड किंवा त्याची केबल. दिवा लागतोय पण होस्टचा मीटर हलत नाही? मग प्लगइन किंवा पॅच. शेजारच्या गाण्याचा पॅच लावून बघा. मीटर हलतोय पण इंटरफेसचा दिवा गेलाय? यूएसबी निसटलंय. ते परत खोचलं तरी काही होस्ट आपोआप आवाज सुरू करत नाहीत, ऑडिओचं बटण एकदा बंद-चालू करावं लागतं; तुमचा होस्ट काय करतो ते घरी मुद्दाम केबल उपटून बघून ठेवा. इंटरफेसही ठीक असेल तर मग डीआय, केबल नाहीतर मिक्सरचा चॅनेल, म्हणजे साउंडवाल्याला खूण करायची. हे सगळं बघायला गाण्याचं एक कडवं जातं, आणि तेवढ्यात गायकाला एकटं सोडायचं नाही. आधी उजवा हात कीबोर्डच्या स्वतःच्या पियानोवर आणा, गाणं चालू ठेवा, आणि केबल डाव्या हाताने तपासा.